रोझेलचा हात

शिकागोच्या दक्षिण भागातल्या त्या क्लबात रविवारी दुपारी नाच असायचा, तो सगळ्या घरादाराचा. आज्या, कर्ती माणसं, नातवंडं, सगळी एकाच फरशीवर. नेड्रा पेटवे तिथली डीजे. म्हाताऱ्यांना त्यांच्या तरुणपणची सोल गाणी, चाळिशीतल्यांना एकसारख्या ठेक्याचं हाउस संगीत, पोरांना कालपरवाचं रॅप. आणि एकातून दुसऱ्यात नेताना कुणाचा पाय अडखळता कामा नये. पूर्वी हे काम ती आणि तिचा थोरला भाऊ रोझेल मिळून करत. मागच्या वर्षी रोझेल अचानक गेला.

त्या रविवारी ती एका जुन्या सोल गाण्यावर हाउसची तबकडी चढवत होती. ताल जुळेना. सावरायला तिने हात पुढे केला, तोच दुसरी तबकडी आपसूक जराशी मंदावली आणि ताल जागेवर बसला. कडेला हलकेच अंगठा टेकवून रोझेल असाच जुळवायचा. नेड्राने दोन्ही हात वर उचलले. ताल हलला नाही.

 तिने पुढची तबकडी लावली, ती रोझेलच्या आवडीची. मग आणखी एक. हात न लावताच सगळं जुळत गेलं. रॅपची वाट बघून पोरं तळलेल्या माशाच्या बशा घेऊन भिंतीशी जाऊन बसली, तिला कळलंही नाही.

तिची आई आर्डेलिया काठी टेकत जवळ आली. डोळे भरलेले.

"हा माझ्या रोझेलचा हात आहे. खोटं नको बोलूस, पोरी."

"हो, आई."

"मग थांबवू नकोस. अजिबात थांबवू नकोस!"

नेड्राने फरशीकडे पाहिलं. गुडघ्याला पट्टा बांधलेले टॉलिव्हरकाका घामाने निथळत नाचत होते. चेहरा राखेसारखा, हसू कुठेच नाही. त्यांच्या बायकोने दंड धरून ओढलं, तरी त्यांचे पाय थांबेनात. बाकीच्यांचंही तेच.

"आई, माणसं बघ जरा!"

"मी माझ्या माणसाचं बघतेय."

"रोझेल," नेड्रा शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून पुटपुटली, "पुरे रे आता. दमले सगळे."

तबकड्या फिरतच राहिल्या. तेव्हा तिने स्वतः दोन्ही सुया उचलल्या.

टॉलिव्हरकाका होते तिथेच मटकन बसले. बायकोने त्यांच्या तोंडाला पाणी लावलं.  मग भिंतीपाशी एक पोरगी ओरडली, "नेड्रा मावशी, झोप लागली का? आमचं लाव की आता!"

तिने महिन्याभरापूर्वी आलेलं, रोझेलने कधीच न ऐकलेलं गाणं लावलं. त्यावर पुढचं चढवताना ताल चांगलाच घसरला. पोरं हसली आणि नाचायला धावली.

परतताना गाडीत आई खिडकीबाहेर बघत होती.

"हात कसा धजला तुझा?" एवढंच ती म्हणाली.

घरी पोचल्यावर आईने दार आतून लावून घेतलं. नेड्रा बराच वेळ गाडीतच बसून राहिली, रेडिओ बंद करून.