शनिवारची सुट्टी आणि माझ्यावरचा आळ

मी वॉशिंग मशीन बोलतेय, खांदा कॉलनीतल्या दुसऱ्या मजल्यावरून. इतकी वर्षं या घरातला मळ पोटात घेतला, बाहेर एक शब्द काढला नाही. आज काढते, कारण माझ्यावर खोटा आळ आला.

घर सारा आणि आयझॅक या ज्यू नवरा-बायकोचं. लेक ओर्ली इस्रायलला. आयझॅकना पक्षाघात झाल्यापासून रोज चादरी भिजतात. त्या गरम पाण्यातच धुवाव्या लागतात आणि साराच्या बोटांत संधिवात. माझ्यावाचून तिचं भागत नाही. तरी शुक्रवारी दिवेलागणीआधी ती माझा प्लग काढते. शनिवारी चांदण्या दिसल्या की परत लावते. शब्बाथ, म्हणजे काहीही काम न करण्याचा पवित्र दिवस, तिचा; सुट्टी माझीही.

गेल्या महिन्यात पाणी तापलं की मी मधेच थांबू लागले. कंपनीचा माणूस आला. मला उघडलंसुद्धा नाही. शनिवारचं ऐकलं आणि निकाल देऊन टाकला: मशीन असं बंद ठेवता म्हणून आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला, नवीन घ्या आणि रोज चालवा. पुरावा? काही नाही. ज्याची रीत वेगळी, दोष आधी त्याच्याच माथी मारायचा, ही माणसांची सवय मी जवळून पाहिलीय.

आयझॅक जड जिभेनं म्हणाले, "चालव शनिवारी. माझ्यापायी देव एवढं माफ करेल."

"तुमच्यासाठी मी देवाशी भांडेन," सारा म्हणाली, "पण त्या माणसाच्या शब्दावरून नाही."

मग तिनं उलव्याच्या अंकिताला बोलावलं. ही पोरगी मशीन दुरुस्त करते आणि तोंडानंही फटकळ. तिनं माझा तापमान मोजणारा सेन्सर बाहेर काढला, मीटरच्या तारा लावल्या आणि पेल्यातल्या पाण्यात बुडवला. गरम पाणी ओतत गेली तसा मीटरवरचा आकडा उतरत गेला. सेन्सर तापला की त्याचा विजेला होणारा अडथळा कमी होतो, म्हणून आकडा तसाच उतरायला हवा. पण पाणी कढत होताच आकडा एकदम गायब.

"काकी, बोर्डाला काय झालं नाय. गरम झाला का हा सेन्सर आंधला होतो. मशीन बिचारी घाबरून थांबते."

"आणि शनिवार?"

"शनिवारनी कोनाचं घोडं मारलंय? मला पन द्या एक असा."

कितीतरी दिवसांनी सारा हसली.

आज शुक्रवार. नवा सेन्सर बसलाय, आयझॅक कोरड्या चादरीवर पडलेत. मी म्हातारी झालेय, कधीतरी भंगारात जाईनच, तक्रार नाही. फक्त त्या दिवशीही आधी झाकण उघडा, मग निकाल द्या.

सारा प्लग काढायला आली. थांबते. उद्या माझी सुट्टी आहे.