धुतलेली, तरी अस्सल

मी एक जुनी परदेशी नोट आहे. लगेच नाकं मुरडू नका, मित्रांनो! माझ्या देशात मी कधीच चलनातून बाद झाले. आज माझ्या बदल्यात कुणी साधी काडेपेटीही देणार नाही. पण मी खरी आहे, हे आधीच ठणकावून सांगते. कारण एकदा मला चारचौघांत खोटी ठरवलं होतं.

माझा जन्म कापसाचा. त्याचा लगदा ओला असतानाच माझ्या पोटात दीपगृहाचं चित्र उमटवलं गेलं. एरवी ते दिसत नाही, उजेडासमोर धरलं की दिसतं. त्याला जलचिन्ह म्हणतात. अंगात एक चंदेरी धागा घातला. पुढच्या बाजूला अर्धा तारा छापला आणि पाठीवर उरलेला अर्धा, म्हणजे उजेडाला धरल्यावर दोन्ही मिळून पुरा तारा व्हावा. वर जाड शाईची नक्षी अशी की बोट फिरवलं तर खरखर लागायची. हा सगळा बंदोबस्त कुणी माझी नक्कल करू नये म्हणून. मला त्याचा भारी तोरा होता हो!

बंदरावरच्या बाजारात मी पुष्कळ वर्षं फिरले, मळले, घामट मुठींत चुरगळले. शेवटी एका खलाशाच्या खिशात आले. त्याला सगळे थापाड्या म्हणत. देवमाशानं आपली टोपी पळवली, असं तो शपथेवर सांगायचा! समुद्रापलीकडे त्याच्या गावी बहिणीचं धुलाईचं दुकान होतं. मला तिच्या हातावर ठेवून तो म्हणाला, "ताई, ही अस्सल आहे हं. जपून ठेव."

दुकानातली गिऱ्हाईकं खो खो हसली. "थापाड्याची नोट! ती कसली खरी असणार?"

पुढच्या सफरीत तो आजारी पडला आणि बोटीवरच गेला. ताईनं मला बटणांच्या डब्यात ठेवलं. डबा उघडला की तिचे डोळे भरून यायचे.

मग एकदा गावच्या सभागृहात जुन्या नोटा-नाण्यांचं प्रदर्शन भरलं. अस्सल ठरलेली वस्तू काचपेटीत ठेवणार आणि खाली ती आणणाऱ्याचं नाव लिहिणार, असं जाहीर झालं. ताईनं मनाशी पक्कं केलं, भावाचं नाव तिथे लागलंच पाहिजे.

आणि इथेच घोळ झाला. आपल्या दुकानातून मळकी वस्तू बाहेर पडेल, तर ती ताई कसली! तिनं मला कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीत बुडवलं, खळ घातली, वर कडक इस्त्री फिरवली. केलं सगळं मायेनं, पण माझ्या नक्षीची खरखर पार गेली. कापसाची नसते तर माझा तिथेच लगदा झाला असता.

प्रदर्शनातल्या पारख्यानं आडोशाच्या टेबलावर मला जांभळ्या दिव्याखाली धरलं. मी लख्ख निळसर चमकले.

"खोटी," तो म्हणाला. "अस्सल नोटेचा कागद या दिव्याखाली मंद दिसतो. हा बघा कसा चमकतोय! आणि शाईही सपाट."

खोट्या नोटेला भोक पाडायचं, असा तिथला नियम होता. त्यानं पंच उचलला. रांगेतून कुणीतरी बोललं, "थापाड्याची शेवटची थाप!"

माझा संताप संताप झाला. अरे, पोटात दीपगृह आहे, धागा आहे, तारा आहे! एकदा उजेडाला धरा, मग बोला! पण नोटेला तोंड कुठे असतं? मी ताठ राहिले, एवढंच.

ताईनं डोळे पुसायला रुमाल काढला. त्याचं टोक दिव्याखाली आलं आणि तेही तस्संच निळसर चमकलं. ती थबकली.

"थांबा हो, पंच खाली ठेवा आधी! हा माझा रुमाल बघा. हाही चमकतोय. मग हाही खोटा का?"

पारखी चपापला. "बाई, तुम्ही नोट धुतलीत की काय?"

"धुतली, खळ घातली, इस्त्रीही केली. लोकांसमोर मळकी कशी आणू?"

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, ती पावडरच चमकतेय मग!" त्यानं मला उचललं आणि खिडकीच्या उजेडासमोर धरलं. दीपगृह दिसलं, धागा दिसला, तारा पुरा झाला.

"अस्सल आहे," तो हळूच म्हणाला. "पण धुतल्यामुळे किंमत पार उतरली."

"विकायचीय कुणाला? ते पहिलं तेवढं जरा मोठ्यानं म्हणा."

तो उठून उभा राहिला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाला.

प्रदर्शन संपलं, पण माझी काचपेटी सभागृहातच राहिली. खाली कार्ड आहे: "अस्सल. धुतलेली. आणणारा: थापाड्या." ते नाव ताईनंच लिहायला लावलं. लोक ते वाचून हसतात, मग पहिला शब्द पुन्हा वाचतात.

मित्रांनो, जुन्या नोटा धुऊ नका, इस्त्री तर मुळीच करू नका. कोरड्या हातानं धरा, कोरड्या जागी ठेवा. आणि कुणालाही खोटं म्हणण्याआधी त्याला एकदा उजेडासमोर धरून बघा. दर आठवड्याला ताई येते, कोरड्या रुमालानं माझी काच पुसते आणि म्हणते, "ऐकलंस का रे? तुझं खरं निघालं."