तात्यांची घडी

त्या आठवड्यात तात्यांची घडी होऊ लागली. रेणुकाने त्यांना फांदीवरून उचललं, तर ते धुतलेल्या टॉवेलसारखे मधोमध दुमडले. तिने हाताच्या सवयीने आणखी एक घडी घातली आणि मग ती दचकली. तात्या म्हणजे ओगल्यांच्या घरातला इग्वाना. हिरवागार, शेपटीसकट हातभर लांब. त्यांना घरात कोणी अरेतुरे करत नसे. चौघडी होऊनही त्यांनी तक्रार केली नाही. वरच्या घडीतून फक्त एक डोळा बाहेर आला आणि रेणुकाच्या नवऱ्याकडे, पुष्करकडे, बघत राहिला.

"चादरींच्या कपाटात ठेवू का?" रेणुकाने त्याला विचारलं.

"नको. आईने अंथरलं म्हणजे?"

मिरजेत असल्या प्राण्यांना हात लावणारी एकच डॉक्टर होती, नीलोफर मुल्ला. तिने तात्यांना टेबलावर उलगडलं, तळव्याने सुरकुत्या काढल्या आणि विचारलं, "यूव्हीबीचा दिवा आहे का घरी?"

"आहे म्हणजे काय! उत्तमातला आहे," पुष्कर म्हणाला. "उन्हातले जे किरण हाडं घट्ट करतात, ते सगळे आहेत त्यात. गणपतीत आणलाय, पण बघाल तर म्हणाल, आत्ताच दुकानातून आला."

"असं का म्हणेन?"

मग पुष्करने ते मोठ्या अभिमानाने सांगितलं. ओगल्यांकडे नव्या वस्तूचं कव्हर काढायची पद्धत नव्हती. रिमोट पिशवीत होता. गादी प्लॅस्टिकमध्ये होती आणि तिच्यावर झोपणारे चुरचुरत कूस बदलत. दिव्याच्या नळीवरचं पारदर्शक वेष्टनही त्याने तसंच ठेवलं होतं. नळीला धूळ लागू नये म्हणून दिव्याखाली काच बसवून घेतली होती, ती वेगळीच.

"ते किरण प्लॅस्टिकमधून येत नाहीत," डॉक्टर म्हणाली. "काचेतूनही नाही."

"पण उजेड तर लख्ख पडतो की."

"पडतो ना. तात्यांना पेपर वाचायचा असता, तर भरपूर झाला असता."

पुष्करचे कान तापले. मागच्या बाकावर एक बाई पोपट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पिंजऱ्यावर पदर टाकला, पोपटाने असलं काही ऐकू नये म्हणून.

"आज घरी जा आणि सगळं काढा," डॉक्टर म्हणाली. "अजून जबडा शाबूत आहे. तो दुमडला की खाणं संपलं. खाणं संपलं की तात्या संपले."

घरी येऊन पुष्कर स्टुलावर चढला. काच काढली. नळीवरचं वेष्टन नखाने उचकटून ओढलं. खाली दुसरं वेष्टन होतं. तेही ओढलं. खाली तिसरं. खाली बसलेल्या आई एकेक वेष्टन मांडीवर घेऊन सारखं करत होत्या.

"टाकू नकोस रे. लागतात."

"कशाला लागतात, आई?"

"ते लागल्यावर कळतं."

एवढ्यात समोरच्या घाणेकर काकू तात्यांना बघायला आल्या. कोणी आजारी असलं की काकू येतातच. येताना मोसंबी आणतात आणि जाताना नेतात. त्यांनी घडी पाहून 'अरेरे' केलं, मग मान वर करून म्हणाल्या, "दिवा मात्र अगदी कोरा ठेवलायस हं, पुष्कर!"

तापल्या दुधावर साय धरावी तसं दिव्यावर एक नवं कव्हर धरलं. पुष्करने ते डोळ्यांनी पाहिलं.

"काकू, पाया पडतो, कौतुक करू नका."

"बघा! किती नम्र मुलगा!"

एकदम तीन थर आले.

मग खालच्या मजल्यावरचे सगळे आले. पाहुण्यांना चहा दिल्याशिवाय घालवता येत नाही, आणि चहा हातात आल्यावर माणूस काहीतरी बरं बोलतोच. पुष्कर ओढत राहिला आणि वेष्टनांच्या घड्या खिडकीपर्यंत चढल्या. पाहुणे त्यांच्यावर बसले. त्यांची डोकी छताला लागली, तरी कोणी कप खाली ठेवला नाही. जो तो दिव्याकडे बघून म्हणे, वस्तू वापरावी तर ओगल्यांनी. पुष्करला एकदाच ओरडून सांगायचं होतं की, मी या मुक्या जिवाला दिवसभर नुसता उजेड दाखवत होतो. पण तोंडून निघालं, "घ्या ना, बिस्किट घ्या."

तात्यांच्या हनुवटीला बारीक चुणी पडली.

"दिवा मरू दे," रेणुका म्हणाली. "गच्चीवर ऊन आहे."

पुष्करने तात्यांना शर्टाच्या खिशात घातलं आणि तो पाहुण्यांच्या पायांमधून रांगत बाहेर पडला. मंडळी कपांसकट मागोमाग आली. गच्चीवर ऊन होतं. मध्ये काच नव्हती, काही नव्हतं. त्याने तात्यांना उघड्या फरशीवर पसरलं. थोड्या वेळाने वाळल्या तुरीच्या शेंगा तडकाव्यात तसा आवाज आला. एक बरगडी उभी राहिली. मग दुसरी. शेपटी सरळ झाली. राहिला होता तो जबडा.

"आता कोणी काही बोलायचं नाही," रेणुकाने बजावलं.

सगळे नुसते पुष्करकडे बघत होते आणि पुष्कर स्वतःच्या अंगठ्यांकडे. फरशीने पोटात घेतलं असतं तर तो आनंदाने गेला असता. तात्यांची हनुवटी कापडासारखी हलली, मग किंचित ताठ झाली.

घाणेकर काकूंना राहवलं नाही.

"पुष्कर, एक विचारते. हे ऊन कुठलं रे? छान आहे."

सगळे त्याच्याकडे वळले. उत्तर सोपं होतं. ते कुठलंच नव्हतं, ते आपलं आपण येतं आणि कोणावरही पडतं. पण सकाळपासून त्याला मान खाली घालायला न लावणारा प्रश्न हा पहिलाच होता. त्याची मान आपसूक वर झाली. रेणुकाने त्याच्या तोंडावर हात दाबून धरला. त्या हाताखाली, त्याला नको असताना, त्याचे ओठ हसले.

वर कुठेतरी, आभाळात, गादीवरच्या प्लॅस्टिकसारखं चुर्र झालं.

तात्यांनी उघडायला घेतलेला जबडा तसाच अर्धा ठेवला, आणि एक डोळा आभाळाकडे लावला, एक पुष्करकडे.