खांद्याला दत्तक गेलेला

मी हेडली लस्कमच्या उजव्या दंडातला एक मज्जातंतू बोलतोय. दोऱ्याएवढा बारीक, पण कोपर सरळ करायचं ते माझ्या आणि माझ्या दोन भावांच्या हुकमावर.

हेडली चाळीस वर्षं गावच्या चर्चमधली सगळ्यात जड घंटा वाजवायचा. डोक्यावर जाणारा दोर धरायचा आणि कोपर सरळ होईपर्यंत खाली ओढायचा. फेब्रुवारीत मोटारसायकल बर्फावरून घसरली, खांद्याचा तंतू तुटला आणि हात अंगाशी लोंबकळू लागला.

तो आपोआप जुळतोय का याची सहा महिने वाट पाहून डॉक्टरीणबाईंनी मला माझ्या स्नायूपासून कापलं आणि खांद्याच्या तुटक्या तंतूला शिवलं. कोपराचं काम भावांनी सांभाळलं. मी दत्तक गेलो.

दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढायचो. पुढे खांद्याचा स्नायू वाळत चाललेला. उशीर झाला तर तो कायमचा जाणार होता, म्हणून मी फार घाबरलो होतो.

पोचलो एकदाचा, पण मेंदूकडून मला हुकूमच येईना. व्यायामाच्या बाईंनी बजावलं होतं, खांदा उचलायचा विचार करू नका, कोपर सरळ ढकला. हा गडी आरशासमोर बसून खांद्यालाच दटावायचा. मला कोपराशिवाय दुसरी भाषा कुठे येते?

त्याची मुलगी तॅमसिन म्हणाली, "बाबा, कोपर ढकल ना. तेवढं तर सांगितलंय त्यांनी."

"खांदा मेलाय माझा. चांगल्या कोपराला कशाला छळू?"

डॉक्टरीणबाईंची पुढची तपासणी तीन आठवड्यांवर आली. तोवर काही हललं नाही, तर आशा सोडायची होती.

तॅमसिनही चर्चमध्ये घंटा वाजवायची; बुधवारी ती त्याला घंटांच्या सरावाला घेऊन गेली. तो चर्चच्या मनोऱ्यात बाकावर हात मांडीवर टाकून बसला. पहिली घंटा तिची, म्हणून सुरुवातीचा इशाराही तिचाच.

"सावध सगळे. चालली..." तिने दोर ओढला. "सुटली."

चाळीस वर्षांची सवय. त्याच्या मनाने दोर खाली ओढला आणि कोपराचा हुकूम थेट माझ्याकडे आला! मी जीव खाऊन ओढलं. सदऱ्याखाली खांदा थरथरला.

घंटा चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा तिथला नियम. हेडलीने डावा हात खांद्यावर दाबून धरला. दर ठोक्याला तो मनात दोर ओढत राहिला, आणि दर ठोक्याला मी उत्तर देत राहिलो. घंटा थांबल्या तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"तॅमसिन, इथे हात लाव," तो म्हणाला. "आता मी कोपर ढकलतो."

आज त्याचा हात छातीपर्यंत येतो. दोर अजून वर आहे, पण पोचू आम्ही. हेडली, एवढंच मागणं आहे. दत्तक गेलो तरी मला माझ्या जुन्याच नावाने, कोपर म्हणूनच, हाक मारत जा.