एकेचाळिसाव्या पानावरची चूक

मित्रांनो, मी एक जुनी मार्गदर्शिका आहे, आणि मी संतापलेली आहे. मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षे सूज येऊन जखमा होतात, त्या आजाराचे ऑपरेशन कसे करावे हे डॉक्टरांना सांगणारी पुस्तिका म्हणजे मी.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात झाला. चौदा नामवंत डॉक्टर थंडगार खोलीत दोन दिवस बसले. काजू खात, परदेशी पुस्तके चाळत त्यांनी माझे एकेक वाक्य ठरवले. ज्यांच्या पोटावर सुरी चालणार होती, त्यांच्यापैकी एकालाही बोलावले नाही. टाळ्या मात्र कडाडून वाजल्या. गुळगुळीत कव्हर अंगावर चढले आणि मलाही वाटले, आपल्यासारखी शहाणी कोणी नाही!

बीडच्या एका दवाखान्यात माझी मोठी बडदास्त होती. तिथले सर्जन डॉक्टर अमरसिंह मला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत. एके दिवशी चकलांब्याच्या साखराबाई आल्या. मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारी बाई, पण रक्ताच्या जुलाबांनी पार वाळून गेलेली. डॉक्टरांनी मोठे आतडे काढायचे ठरवले. मग लहान आतड्याचे तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावायची, म्हणजे मळ तिच्यात पडतो. ते तोंड कुठे काढायचे याची खूण आधी करतात. माझे एकेचाळिसावे पान सांगते, "रुग्णाला आडवे झोपवून, बेंबीच्या उजवीकडे किंचित खाली खूण करावी." डॉक्टरांनी अगदी तसेच केले.

ऑपरेशन झाले, जीव वाचला. ते मी नाकारत नाही. पण महिनाभरातच साखराबाई परत आल्या. पिशवीखालची कातडी सोलवटून लालभडक झाली होती.

"कावून झालं वं असं, मावशी?" वनमाला सिस्टरांनी विचारले.

"लुगड्याची गाठ बरुबर ह्येच्यावर येती, बाई. खाली बसले की पिशवी सुटती, सगळं आंगावर येतं. मेंढरामागं कशी जाऊ?"

नवरा धुळाजी हळूच म्हणाला, "गाऊन घाल म्हनलं तर लई भडकती."

"गाऊन घालून काट्याकुट्यात हिंडू व्हय? खूण करताना मला एकदा तरी इचारलं का, गाठ कुठं मारती म्हून?"

डॉक्टरांनी मला उघडले आणि तसेच मिटले. मी तरी काय सांगणार? माझ्या चौदा जन्मदात्यांना पँटचा पट्टा ठाऊक होता, लुगड्याची गाठ ठाऊक नव्हती. त्यांचे अज्ञान एका बाईने आपल्या कातडीवर सोसले.

साखराबाईंना पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावे लागले. या वेळी त्या लुगडे नेसून उभ्या राहिल्या, उकिडव्या बसल्या, वाकल्या आणि स्वतःच्या बोटाने जागा दाखवली. वनमाला सिस्टरांनी माझ्या समासात पेन्सिलीने लिहिले, "आधी रोजचे कपडे नेसवा. उभे करा. बसवा. विचारा." बऱ्या होऊन साखराबाई पुन्हा मेंढरांमागे गेल्या. डॉक्टरांनी त्या चौदा जणांच्या समितीला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही.

परवा माझी नवी आवृत्ती आली. कव्हर आणखी गुळगुळीत, समिती तीच. सिस्टरांनी घाईघाईने ते पान काढले. "रुग्णाला आडवे झोपवून..." एक अक्षरही बदललेले नाही! मित्रांनो, त्या क्षणी मला हात असते, तर मी तो कागद टराटरा फाडला असता.

सिस्टरांनी फाडले ते माझे पान. समासातल्या पेन्सिलीसकट त्यांनी ते नव्या पुस्तिकेच्या त्याच पानावर खळीने घट्ट चिकटवले. उरलेली मी आता वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या रद्दीच्या गठ्ठ्यात आहे, आणि त्याचे मला दुःख नाही. तुम्ही मोठे व्हाल, कोणासाठी तरी नियम लिहाल. तेव्हा ज्याच्यासाठी लिहिता त्याला आधी बोलवा, मित्रांनो. पलीकडच्या खाटेवर मोहिनी नावाची मुलगी ऑपरेशनची वाट पाहते आहे, आणि तिच्याशेजारी चकलांब्याहून मुद्दाम आलेल्या साखराबाई तिला सांगत आहेत, "ऊठ पोरी, आधी तुझं रोजचं नेसून बस. मग खूण करू दे."