राही जिथं अडली

कुंडलच्या राहीबाईनं पाटी हातात घेतली ती नाथाजीच्या खाकरण्याला वैतागून. एकाहत्तरची लढाई होऊन दोन वर्षं झाली होती आणि नवरा कृष्णात अजून सरहद्दीवरच. त्याचं पत्र आलं की पेन्शनीतला हवालदार नाथाजी ओसरीवर येणार, चहा ढोसणार, घसा खाकरणार आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचणार. कृष्णातनं बायकोची चौकशी केलेली असली की हा गडी ती ओळ मुद्दाम दोनदा वाचायचा! राहीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून चौथीतल्या लेकीकडून, शालूकडून, ती रोज संध्याकाळी धडे घ्यायला लागली. मोठ्यांची पत्रं पोरांनी वाचायची नाहीत असा घरचा दंडक होता, पण शिकवायला आडकाठी नव्हती. पोरगी मास्तरापेक्षा कडक. एक काना चुकला की आईला दहादा गिरवायला लावायची. चुलीवर आमटी उतू गेली तरी सुट्टी नाही.

त्या उतू गेलेल्या आमटीनंच सासूचं, हरणाबाईंचं टाळकं फिरलं.

"पुरं झाली ही शाळा! आता म्होरलं पत्र तूच सगळ्यांसमोर घडाघडा वाच. कुठं अडलीस तर पाटी माळ्यावर टाकीन. मग बोलायचं न्हाई."

राहीनं मान डोलावली. सहा महिन्यांची मेहनत एका कागदावर येऊन बसली होती.

पत्र आलं दसऱ्याच्या तोंडावर. नाथाजी वास लागल्यागत हजर. राहीनं पदर सावरला, निळा कागद उलगडला आणि सुरुवात केली, "तीर्थरूप आई-आबांस शिरसाष्टांग नमस्कार." एका दमात! शालूनं तर टाळीच वाजवली. पुढं थंडीचं झालं, लोकरीच्या मोज्यांचं झालं, बदलीचं झालं. हरणाबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. लेकाचे शब्द त्या पहिल्यांदाच घरच्या माणसाच्या तोंडून ऐकत होत्या.

"यंदा..." राही म्हणाली आणि गप्प झाली.

"यंदा काय?" नाथाजीनं विचारलं.

राहीचं बोट शब्दावर आणि ओठ घट्ट मिटलेले. "आये, म्हण की गं!" शालू रडकुंडीला आली. नाथाजीला मात्र उकळ्या फुटल्या.

"जोडाक्षर आलं आन् गाडी रुतली! आणा हिकडं. बायामाणसाचं काम न्हाई ह्ये." कागद घेऊन त्यानं ठणकावून वाचलं, "यंदा कृष्णेला पाणी किती आहे?"

हरणाबाई पिठाच्या हातानंच उठल्या. गेली पाटी, राहीला वाटलं, आणि डोळे भरून आले. पण सासूबाई वळल्या नाथाजीकडं.

"भावजी, शिरसाष्टांगाला अडली न्हाई ती. हितंच का वं अडली?"

"म्हंजी?"

"आवं, लगीन होऊन बारा वर्सं झाली, त्या नदीला 'थोरली नदी' म्हणती ती. नवऱ्याचं नाव हाय नव्हं त्यात! वाचता आलं म्हणून तर थांबली. न्हाई तर कुठं थांबायचं ते कसं कळलं असतं?"

आणि म्हातारीला हसू आवरेना. नाथाजी अर्धा चहा तसाच ठेवून उठला. राहीनं उरलेलं पत्र पुरं केलं. खालच्या सहीवर नुसतं बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती उत्तर लिहायला बसली. पत्ता लिहायची वेळ आली तशी परत थबकली. हरणाबाई शेजारीच दळण निवडत होत्या.

"तोंडानं घ्यायचं न्हाई. हातानं लिवायला कुणी आडवलंय?" त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, शालूच्या कानाशी, "तुझ्या आज्याचं नाव कसं लिवत्यात गं?"

शालूनं पाटीवर लिहून दिलं. म्हातारीनं त्यावरून पेन्सिल फिरवली, वीस वेळा तरी. मग पुसून आपल्या हातानं लिहिलं. क एका अंगाला कलला, पण नाव झालं.

तेवढ्यात केरबाआबा उसाच्या रानातून आले. त्यांना जन्मात एकच शब्द वाचता यायचा: सोसायटीच्या कागदावर करायला शिकलेली आपली सही. तोच शब्द पाटीवर बघून ते दारातच उभे राहिले.

"ह्ये कुणी लिवलं?"

शालू तोंडावर हात दाबून हसत होती. हरणाबाई खाली मान घालून उगाच जोरजोरात सुपातलं दळण पाखडायला लागल्या.

आबा खाली टेकले. पाटी मांडीवर घेऊन बराच वेळ बघत राहिले. राहीनं त्यांचा चेहरा एवढा मऊ झालेला कधी बघितला नव्हता.

"पोरी," ते शालूला म्हणाले, "आता हिचं कसं लिवत्यात, त्ये मला दाव."