सत्तावन्न किलोंची फळी

सत्तावन्न किलो मी शेवटची होते ती लेक पोटात राहायच्या आधी. लेक आता कॉलेजात जाते. तरीही लाटांवर चालवायच्या माझ्या फॉइलच्या फळीखाली, फायबरच्या पारदर्शक थराआड, पेन्सिलीने स्वच्छ लिहिलेलं होतं: वजन ५७, ६८ लिटर. हे मी पहिल्यांदा वाचलं ते फळी विकायला काढली त्या सकाळी, जाहिरातीचा फोटो घ्यायला तिला उलटी केली तेव्हा.

विकायला काढली कारण तीन महिन्यांत मी तिच्यावर एकदाही धड उभी राहिले नव्हते. या फळीला खालून एक दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात बुडालेला पंख. लाटेने वेग दिला की पंख उचलतो आणि फळी माणसासकट पाण्याच्या वर येऊन निघते. इतरांची निघायची. माझी मात्र मी पालथी झोपले की अख्खी पाण्याखाली जायची. हात मारून मारून खांदे भरून यायचे आणि लाट मला ओलांडून पुढे जायची. शिकवणारे सर म्हणायचे, "ताई, वयाचं आहे, वेळ लागणारच."

सेहेचाळिसाव्या वर्षी ही एकच गोष्ट मी स्वतःसाठी मागून घेतली होती. शेवटी माझ्याच तोंडाने सगळ्यांना सांगून टाकलं, मला नाही जमत. तेव्हा नवऱ्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. तो हात आठवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याला काही न सांगता गाडी काढायला लावली आणि फळी घेऊन, जिथे ती बनली तो कारखाना तडक गाठला. फळीवाला नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. नाकावर मास्क, अंगभर फोमचा पांढरा भुसा, आणि समोर छोटा वजनकाटा. त्यावर तो फळीवर चढवायची राळ थेंबाथेंबाने मोजत होता.

"हे सत्तावन्न कुणाचं?" मी फळी त्याच्यासमोर उलटी ठेवून विचारलं.

त्याने फळीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नवरा जमिनीवरचा भुसा निरखायला लागला.

"यानेच सांगितलं होतं फोनवर," फळीवाला म्हणाला.

"आणि तुम्ही मला कधी बघितलंच नाहीत? महिन्यातून दोनदा जेवायला असता आमच्याकडे."

"बघितलंय ना, वहिनी. वाटलंच होतं मला, गडी कमी सांगतोय. पण बाईमाणसाला वजन कसं विचारायचं?"

माझं डोकंच फिरलं. हा माणूस राळेत एक ग्रॅम इकडेतिकडे होऊ देत नाही, आणि मी मात्र अंदाजपंचे. मी पार्सलच्या काउंटरवर काम करते. दिवसभर वजनंच करते. वजन हा आकडा असतो. त्यात झाकण्यासारखं काय असतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

"आणि तू?" मी नवऱ्याकडे वळले.

"अगं, याचा फोन स्पीकरवर होता. इथे चार पोरं काम करत होती. तुझं वजन असं सगळ्यांसमोर कसं सांगायचं?"

"म्हणजे चार अनोळखी पोरांसमोर माझी अब्रू राखलीस आणि तीन महिने अख्ख्या किनाऱ्यासमोर मला बुडवलंस."

त्याने पायाने भुसा एका बाजूला सारला.

"चौऱ्याहत्तर," मी फळीवाल्याला म्हटलं. "लिहा. आणि आता मला सांगा, बुडू नये म्हणून नवशिक्याला किती लिटरची फळी लागते?"

"वजनाचा आकडा असेल त्याच्यावर दहा-पंधरा," तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं. "म्हणजे तुम्हाला अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. लांबी-रुंदीही वाढवायला लागेल. फक्त दिसायला जरा थोराड होईल, वहिनी."

"मला ती मिरवायची नाहीये. तिच्यावर उभं राहायचंय."

कोपऱ्यात शिकवणीची एक जुनी अठ्ठ्याऐंशीची पडून होती, कडा ठेचलेली, रंग उडालेली. माझा दांडा आणि पंख तिला बसवून घेतले आणि तिथूनच पाण्यावर गेलो.

ती माझ्याखाली बुडली नाही. मी झोपले, ती तरंगत राहिली, इतकंच. पहिली लाट हुकली, दुसरीवर गुडघ्यांवर आले. तिसरीवर उभी राहिले आणि पायाखालचा पाण्याचा आवाज एकदम थांबला. मी वर होते. चार सेकंद, फार तर पाच. इतकं सोपं होतं ते.

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी हमसून हमसून रडले. नवरा कपड्यांनिशी धावत आत आला, त्याचेही डोळे भरलेले.

"बघ, जमलं की तुला," तो म्हणाला.

"मला पहिल्या दिवशीच जमलं असतं," मी म्हटलं.